ज्यानं खणलं त्यानं बुजवावं

नमस्कार मंडळी. आपल्या सिन्नर-चांदवडकडं बोअरची गाडी आली की अख्खी वस्ती गोळा होते, पण बोअर फेल गेला की गाडी निघून जाते, भोक ढासळू नये म्हणून आत घातलेला केसिंग पाईप दुसरीकडं वापरायला उपसून घेतात, आणि भोक तसंच उघडं, फार तर वर एक पोतं नाहीतर धोंडा. माझ्या चुलत्यांच्या मळ्यात बाभळीखाली असंच एक होतं, आम्ही पोरं त्यात खडे टाकून आवाज ऐकायचो, आज आठवलं की काटा येतो अंगावर.

तेलाच्या विहिरींचं हेच, फक्त भोक कितीतरी खोल. अमेरिकेत १८५९ ला पेनसिल्व्हेनियात पहिली गाजलेली विहीर लागली आणि आता सोडून दिलेल्या विहिरी ३० लाखांवर, हा तिथल्या सरकारचाच अंदाज. तेल आटलं तरी खालचा गॅस आणि खारं पाणी थांबत नाही ना, केसिंग गंजतं, मग ते पिण्याच्या पाण्यात घुसतं, मिथेन हवेत जातो, जो २० वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. बंद करायची तर आत सिमेंटचे बूच बसवावे लागतात, त्याला पैसा लागतो. आणि होतं काय, मोठी कंपनी मलई खाऊन आटत आलेली विहीर छोट्या कंपनीला विकते, छोटी दिवाळं काढते, विहीर बंद करायच्या खर्चापोटी सरकारकडं ठेवलेलं डिपॉझिट असतं चिमूटभर. मग अमेरिकेच्या सरकारनं २०२१ च्या कायद्यात या विहिरी बुजवायला ४.७ अब्ज डॉलर काढले, म्हणजे लोकांच्या खिशातूनच.

मला हे पटत नाही. मालक पळाला तर सरकारनं आधी भोक बुजवावं, त्यात वाट बघू नये, पण वसुली त्याच धंद्याकडून झाली पाहिजे. कॅनडाच्या अल्बर्टात तेलकंपन्यांकडून त्यासाठी वर्गणी घेतात, आणि २०१९ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दिवाळखोर कंपनीचा पैसा बँकेच्या आधी सफाईला. बरोबर आहे ते!

आपल्याकडंही सुप्रीम कोर्टानं २०१० ला बोअरसाठी नियम घालून दिलेत, खणायच्या १५ दिवस आधी कळवायचं, कुंपण, बोर्ड, आणि बंद बोअर तळापासून वरपर्यंत माती-वाळू-दगडानं भरायचा. ग्रामसभेत विचारा, आपल्या गावात असे किती उघडे आहेत आणि कुणाच्या नावावर.

चुलत्यांचा तो बोअर आम्ही मागच्या उन्हाळ्यात भरला. तीनशे फूट खोल होता. मुरमाची एक ट्रॉलीसुद्धा पूर्ण लागली नाही, दुपारी जेवायच्या आत काम झालं.