हिरव्या पडद्यामागचं जहाज

मित्रहो, जहाजाचा मालक बदलला की नाव बदलतं, झेंडा बदलतो, धुराड्याचा रंगही बदलतो. बदलत नाही तो सात अंकी आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीने जहाजाला मिळालेला ओळख क्रमांक. ही पद्धत १९८७ मध्ये आली, १९९६ पासून सक्तीची झाली आणि २००४ मध्ये तो आकडा जहाजाच्या अंगावर कायमचा उमटवण्याचा नियम लागू झाला. त्यातला सातवा अंक पहिल्या सहांवरून काढलेला असतो. पहिल्या अंकाला ७ने, दुसऱ्याला ६ने, असं उतरत सहाव्याला २ने गुणायचं आणि बेरीज करायची. तिचा शेवटचा अंक तोच सातवा. त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला, तर बहुतेक वेळा संगणक तिथल्या तिथे अडवतो. आज आपण जहाजाच्या तपासणीच्या आणि देखभालीच्या नोंदी ठेवणाऱ्या ज्या ऑनलाइन सेवांबद्दल बोलतोय, त्या सगळ्या या एका खुंटीला टांगलेल्या आहेत.

आता मालकाकडे दोन वह्या असतात असं समजा. पहिली क्लासची. क्लास म्हणजे जहाज तपासून ते नियमांत बसतं असं प्रमाणपत्र देणारी वर्गीकरण संस्था. लॉइड्स रजिस्टर, डीएनव्ही, ब्यूरो व्हेरिटास अशा संस्थांच्या पोर्टलवर लॉगिन केलं की प्रमाणपत्रं, सर्व्हेच्या म्हणजे तपासणीच्या तारखा, ‘कंडिशन ऑफ क्लास’ म्हणजे अमुक दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत कराच अशी अट, हे सगळं समोर येतं. मुख्य सर्व्हे ५ वर्षांनी. वार्षिक सर्व्हे ठरल्या तारखेच्या ३ महिने आगेमागे. तळाची तपासणी ५ वर्षांत दोनदा, आणि दोन तपासण्यांत ३६ महिन्यांहून जास्त अंतर नको. ही आकडेमोड पूर्वी सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे ऑफिसातून जहाजाची देखभाल बघणाऱ्या इंजिनिअरच्या डोक्यात आणि त्याच्या डायरीत असायची. तो रजेवर गेला की ऑफिस आंधळं. आता तसं होत नाही, आणि नुसत्या एवढ्यासाठीही या पोर्टलचे पैसे वसूल आहेत.

दुसरी वही जहाजाची स्वतःची, म्हणजे प्लॅन्ड मेन्टेनन्स सिस्टिम, ठरवून करायच्या देखभालीचं सॉफ्टवेअर. आयएसएम कोड या जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतलं दहावं प्रकरण देखभालीबद्दलच आहे, आणि १९९८ पासून टप्प्याटप्प्याने तो कोड बंधनकारक झाला. कोणता पंप किती तास चालला, कधी उघडला, काय बदललं, ते इथे लिहायचं.

गंमत या दोन वह्यांच्या मधे आहे. जहाजावरची सगळी यंत्रं एकदम उघडणं शक्य नसतं, म्हणून त्यांचा सर्व्हे ५ वर्षांवर पसरतात, वर्षाला साधारण पाचवा हिस्सा. त्यातली काही यंत्रं चीफ इंजिनिअरने उघडून तपासली आणि नोंदी नीट ठेवल्या, तर क्लास ते काम मान्य करतं. म्हणजे दुसऱ्या वहीतली नोंद पहिल्या वहीत जमा होते. पण क्लासच्या यादीत जो ‘समुद्रपाण्याचा कूलिंग पंप क्रमांक २’ असतो, तो जहाजाच्या सिस्टिममध्ये ‘एसडब्ल्यू पंप, पोर्ट’ (एसडब्ल्यू म्हणजे सी वॉटर, पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू) या नावाने बसलेला असतो. या दोन नावांची गाठ कोणीतरी मारावी लागते. नवं जहाज येताना ते काम घाईत, कुणा नवख्याकडून उरकून घेतात, आणि पुढची पंधरा वर्षं ती चुकीची गाठ सगळे निस्तरत बसतात. सॉफ्टवेअर विकत घेताना तुम्ही पडद्याचे रंग बघता. मी म्हणेन, या कामासाठी माणूस आणि वेळ किती देणार, ते आधी ठरवा.

रंगांवरून आठवलं. काम वेळेत झालं की सिस्टिम त्यापुढे हिरवी खूण करते. पडद्यावर सगळं हिरवं दिसलं की मला संशय येतो. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं डिफ्लेक्शन घ्या; तो किती वाकतो त्याचं हे माप. क्रँकच्या दोन जबड्यांमधे डायल गेज लावून शाफ्ट फिरवायचा आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात वाचन घ्यायचं. इंजिन किती गरम आहे, जहाज किती भरलंय, यावर ते थोडंफार हलतंच. मग गेल्या खेपेचे आणि या खेपेचे सगळ्या सिलिंडरचे आकडे तंतोतंत सारखे कसे? गेज पेटीतून बाहेरच आला नाही, दुसरं काय! काम ‘पूर्ण’, खूण हिरवी.

चीफ इंजिनिअरला मी दोष देत नाही. ऑफिसने ओव्हरड्यू, म्हणजे मुदत उलटलेल्या कामांच्या टक्केवारीवर त्याचं प्रगतिपुस्तक बांधलं असेल, तर तो टक्केवारीच सांभाळणार. ‘काम झालं नाही, बंदरात वेळ मिळाला नाही’ असं लिहिणाऱ्याला फोनवर झापू नका, म्हणजे खरी नोंद येईल.

जहाजाच्या पोलादी पत्र्याच्या जाडीचं उलट आहे. तिथे आकडा बोलतो, आपण ऐकत नाही. मूळ पत्रा २० मिलिमीटर आणि २० टक्के झीज चालते असं धरा, म्हणजे ४ मिलिमीटर. त्यातले ३ उलटून गेले की, मर्यादेच्या आत असूनही, ती जागा ‘सबस्टॅन्शियल करोजन’, म्हणजे लक्षणीय गंज, म्हणून नोंदली जाते आणि पुढे वरचेवर मोजावी लागते. पोर्टलवर हे एका ओळीत असतं. ड्राय डॉकच्या, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन करायच्या दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज बांधताना ती ओळ न वाचणारे मालक मी पाहिलेत. मग पोलादाचं बिल आलं की डोळे पांढरे.

आणि या नोंदी फक्त आपणच बघतो असं समजू नका. डिसेंबर १९९९ मध्ये ‘एरिका’ हा तेलवाहू टँकर फ्रान्सच्या ब्रिटनीजवळ दुभंगला. पुढच्याच वर्षी ‘इक्वासिस’ हे जहाजांच्या सुरक्षिततेची माहिती देणारं संकेतस्थळ सुरू झालं. तिथे कुणीही फुकट नोंदणी करून जहाज बंदरातल्या तपासणीत कधी, कुठे अडवून ठेवलं गेलं ते पाहू शकतो. माल देणारा पाहतो, विमावालाही पाहतो. आता इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्रांवर क्यूआर कोड असतो; बंदरातला अधिकारी फोन धरून खात्री करून घेतो.

प्रश्नोत्तरांआधी एक सांगतो. ऑफिसात गेलो की मी थकलेल्या कामांची यादी मागत नाही. गेल्या तीन महिन्यांत बंद केलेली कामं आणि त्याच काळात स्टोअरमधून निघालेले सुटे भाग, हे दोन अहवाल शेजारी ठेवायला सांगतो. फ्युएल पंप उघडून ओव्हरहॉल केला आणि एकही ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, खर्ची पडली नाही, असं दिसलं की पुढचा फोन जहाजावर लावायचा. सूर मात्र आपुलकीने विचारपूस केल्याचा ठेवायचा: ‘ओ-रिंग संपल्यात का? पाठवू का?’ बऱ्याचदा उत्तर ‘पाठवा’ असंच येतं.