रुमालाखालचा सौदा

नमस्कार, श्रोतेहो.

हापूसच्या हंगामात वाशीच्या फळबाजारात एक सौदा पाहायला मिळतो. अडत्या, म्हणजे बागायतदाराचा माल विकून देणारा दलाल, आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल पडतो, रुमालाखाली बोटं दाबली जातात आणि भाव ठरतो. याला हत्ता म्हणतात. शेजारच्या गाळ्यावरच्या माणसालासुद्धा काय ठरलं ते कळत नाही. मग देवगडला बसलेल्या बागायतदाराला कुठून कळणार? त्याच्या हाती येते ती फक्त पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद. उघड लिलाव व्हावा, बोली सगळ्यांच्या कानावर पडावी, म्हणून 1963 साली बाजार समित्यांचा कायदा झाला. रुमाल मात्र अजून पुरता गेलेला नाही.

मला या रुमालाची चीड आहे. बाजार, राजकारण, सरकारी कचेरी, कुठेही जा. झाकून ठरलेल्या गोष्टीत दुबळ्या बाजूला दाद मागायला जागाच उरत नाही.

बागायतदारांनो, निदान पट्टी नीट वाचा. 2016 पासून फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, खरेदीदाराने द्यायची आहे. तुमच्या पट्टीतून ती कापली असेल तर बाजार समितीकडे लेखी तक्रार करा.

आपली नवी मुंबईसुद्धा एका मोठ्या सौद्यावर उभी आहे. 1970 मध्ये सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. भाताची शेतं गेली, मिठागरं गेली. मोबदला इतका तुटपुंजा होता की दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली गावंच्या गावं रस्त्यावर उतरली. जानेवारी 1984 मध्ये जासई आणि नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली: जेवढी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत.

ऐकायला साडेबारा. पण सार्वजनिक सुविधांसाठी त्यातले तीस टक्के वजा होतात आणि हातात पडतात पावणेनऊ. ही अट योजनेतच आहे, कुणी लपवलेली नाही. तरी आगरी-कोळी घरांतल्या किती आज्यांना ती कुणी बसून समजावली असेल? पुढे तर कित्येकांनी भूखंडाचा ताबा मिळण्याआधीच हक्क विकून टाकला. घरात लग्न होतं, आजारपण होतं, पैशाची नड होती. बिल्डरचा माणूस यायचा, ओटीवर बसायचा, कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आपले सगळे व्यवहार दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या कागदावर, सह्या घ्यायचा. पाच जणांच्या प्राणांनी मिळवलेली ती जमीन होती. आजही कुणी असा कागद पुढे केला तर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या, चार माणसांसमोर आणि आपल्या वकिलासमोर.

आता कचेरीकडे वळू. तिथला रुमाल म्हणजे ‘साहेबांचं बघावं लागेल’ हे वाक्य. ठाण्यात काय, बेलापुरात काय, ते ऐकलं नाही असा माणूस विरळा. ऐकल्यावर लोक खिशात हात घालतात, कारण दुसरा रस्ता माहीत नसतो. रस्ता आहे. बदल्या आणि विलंब यांबद्दलचा 2005 चा कायदा सांगतो की कर्मचाऱ्याने साधारण फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवायची नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित दाखल्यांना आणि परवानग्यांना मुदत बांधून दिली. मुदत टळली तर तीस दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यात करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना उशीर केलेल्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मागणी झाल्याबरोबर, पैसे देण्याआधीच, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर फोन करणं सगळ्यांत चांगलं.

पण या सगळ्याला आधार लागतो तो तारखेचा. अर्ज कुणाच्या हातात नुसता देऊन येऊ नका. आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, ऑनलाइन भरला असेल तर पोचपावती छापून ठेवा. मुदत कधी टळली आणि अपिलाचे तीस दिवस कधी सुरू झाले, ते त्या तारखेवरूनच ठरवता येतं.