वाघ मोजायचा कसा आणि तो जातो कुठे

मघाशी एका दादांनी विचारलं, वाघ वाढले का कमी झाले ते एका वाक्यात सांगा. तसं नाही हो सांगता येत, आधी ते मोजले कसे ते बघावं लागतं.

पूर्वी पगमार्क, म्हणजे वाघाच्या पंजाचे ठसे, मोजायचे. वनरक्षक पहाटेच निघायचा, धुळीत ठसा दिसला की त्यावर काच धरायची, वरून कडा पेनाने गिरवायच्या, ते कागदावर उतरवायचं आणि मग कुणीतरी ठरवायचं की हा वेगळा वाघ का कालचाच. आता तोच वाघ चिखलातून गेला की ठसा पसरतो, धुळीत वेगळा, उतारावर अजून वेगळा. एकाचे दोन व्हायला कितीसा वेळ? आणि आकडा घटला की वरून विचारणा, मग घटवणार कोण! २००१-०२ ला देशात ३६४२ वाघ निघाले ते असे. पुढे २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात शोधायला गेले तर एकही वाघ नाही. कागदावर होते बरं का. शिकाऱ्यांनी कधीच संपवले होते.

मग कॅमेरे आले. आता वाघ ओळखायचा तो पट्ट्यांवरून. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे आणि उजवीचे सारखे नसतात, दोन्ही फोटो लागतात. २००६ चा आकडा आला १४११, आणि सगळ्यांच्या पोटात गोळा! २०२२ चा सरासरी अंदाज ३६८२, म्हणजे फिरून जवळपास तिथेच आलो, फक्त तेव्हाचे निम्मे बहुतेक काचेवरचेच असावेत असं आपलं माझं मत.

महाराष्ट्रात २०१४ ला १९० होते, २०२२ ला ४४४ झाले. छानच आहे. पण वाघ मोठा झाला की त्याला स्वतःचा इलाका लागतो, बापाच्या जंगलात बाप बसलेला असतो, मग पोरगं बाहेर पडतं. आपल्या यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वॉकर नावाचा वाघ माहितीये ना? गळ्यात रेडिओ कॉलर, २०१९ च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणात जाऊन आला, नांदेड, हिंगोली करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, १३०० किलोमीटरच्या वर चालला पठ्ठ्या. चालायचा जास्त करून रात्रीच, दिवसा नाल्यात नाहीतर पऱ्हाटीत पडून राहायचा, आणि वाटेत रस्ते, कालवे, गावं. कॉलर नसती तर आपल्या धुऱ्यावरून वाघ गेला हे कुणाला कळलंही नसतं. एकदा तो झोपला होता त्या झुडपात माणसंच शिरली, एकाला जखम झाली, तेवढाच काय तो प्रसंग.

ज्ञानगंगेत त्याला नीलगाय, रानडुक्कर, खायला भरपूर मिळालं. वाघीण मात्र एकही नव्हती. मग वनखात्यात चर्चा सुरू झाली, आणून सोडायची का एखादी.