पाणी कुठवर येतं? इंदूरहून जलाशयाकाठी मुक्कामाला जाताना

(दृश्य: सकाळ. नर्मदेवरच्या इंदिरासागर धरणाच्या जलाशयाचा काठ. खडकावर फिकट पट्टा, त्याखाली चिखल, मग पाणी.)

खडकावरचा हा फिकट पट्टा नीट बघून ठेवा. पावसाळा संपताना पाणी इथवर होतं. आता ते त्या वठलेल्या झाडांच्याही खाली गेलंय, आणि मधे उरलीये ती गाळाची जमीन. इंदूरच्या आसपास आपण ज्याला तळं म्हणतो, ते बहुतेक वेळा बांध घालून अडवलेलं पाणी असतं. त्याचा काठ एका जागी राहत नाही. तंबू कुठे ठोकायचा, गाडी कुठवर न्यायची, संडासचा खड्डा कुठे खणायचा, मुलांना कुठे खेळू द्यायचं, हे सगळं या पट्ट्यावरून ठरतं.

इंदिरासागरची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर, सगळ्यात खालची २४३.२३ मीटर. जवळजवळ १९ मीटरचा फरक. जमिनीचा उतार चाळीसाला एक असेल, तर पातळी एक मीटर उतरली की काठ ४० मीटर मागे जातो. त्यामुळे ऑक्टोबरात पाण्याला लागून असलेली जागा फेब्रुवारीत पाण्यापासून बरीच लांब पडते. जुने फोटो बघून जागा पक्की करू नका. तिथल्या माणसाला फोन करा आणि याच आठवड्यातला फोटो मागवा.

(दृश्य: भंवरकुआं चौक, पहाटे. गाडीच्या टपावर सामान बांधलं जातंय.)

जवळ म्हणाल तर चोरलचा जलाशय. घाट उतरलात की आलंच. नवा तंबू पहिल्यांदा लावून बघायला, मुलांना एक रात्र बाहेर झोपवून बघायला चांगलं, कारण काही चुकलंच तर रात्री घरी परतता येतं. यशवंतसागर आणि सिरपूर ही तळी मात्र मुक्कामाच्या यादीतून काढून टाका. दोन्ही २०२२पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत. तिथे दुर्बीण घेऊन पहाटे जावं आणि उन्हं चढली की परत यावं. चंबळेवरचा गांधीसागर जलाशय लांब आहे, आणि काठाचा मोठा भाग अभयारण्यात येतो. एप्रिल २०२५मध्ये तिथे चित्तेही सोडले गेले. तिकडे राहायचं तर ठरवून दिलेल्या मुक्कामातच.

मोठ्या कुटुंबासाठी उरतं इंदिरासागरच्या काठावरचं हनुवंतिया. सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, सनावद, मग पुनासा-मूंदीकडे. भेरूघाटात ट्रक अडले तर तास-दीड तास जातो. उजेड असताना पोहोचायचं, म्हणून सकाळी सातच्या आत इंदूर सोडा.

हनुवंतियाला मध्य प्रदेश पर्यटनाचा मुक्काम आहे, आणि हिवाळ्यात जलमहोत्सवाच्या वेळी तिथे टेंट सिटी उभी राहते. पलंग, वीज, तंबूला जोडून संडास, जेवणाची सोय. बरोबर आजी-आजोबा असतील किंवा पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील, तर पहिली रात्र इथेच काढावी असं आमचं स्पष्ट मत आहे. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला ढेकळांवरून अंधारात चालवत नेणं बरं नाही. बुकिंग करताना दर सगळेच विचारतात. तुम्ही हेही विचारा. गरम पाणी किती ते किती? वीज गेली तर जनरेटर रात्रभर चालतो का? गाडीपासून तंबूपर्यंत चालणं किती? लाउडस्पीकर किती वाजता बंद होतो? हा शेवटचा प्रश्न महोत्सवाच्या दिवसांत फार महत्त्वाचा.

(दृश्य: मोकळा काठ. ना दिवा, ना नळ.)

दुसरा प्रकार म्हणजे मोकळी जागा. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. तंबू आपला, कचरा आपला, जबाबदारीही आपली. आधी जमीन कोणाची ते विचारा. पाणी उतरलं की या डुबेच्या, म्हणजे एरवी पाण्याखाली जाणाऱ्या, जमिनीत गावकरी पिकं घेतात. रिकामं दिसणारं वावर पेरलेलं असू शकतं. शेताला लागून असेल तर शेतकऱ्याला आणि सरपंचांना विचारायचं, जंगलाला लागून असेल तर वन खात्याच्या चौकीत. अभयारण्यात तर १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही.

गाडी फिकट पट्ट्याच्या वरच ठेवा. खालची काळी माती वरून वाळते, भेगा पडतात, टणक वाटते. पण बोटभर पापुद्र्याखाली लोण्यासारखा चिखल असतो. चाक रुतलं आणि तुम्ही जोर दिला की गाडी पोटावर बसते, मग ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. आधी चालत जा, टाच जोरात आपटा. पाणी वर आलं किंवा जमीन हलली, तर तिथे गाडीही नको आणि तंबूही नको.

तंबूला मुरमाड, किंचित उंचवट्याची जागा शोधा. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, आजच्या पाण्यापेक्षा दोन-तीन मीटर उंच. पाकिटावर 'चार माणसांचा' लिहिलेला तंबू सामानासकट तिघांचा असतो. पाच जणांना दोन लागतात. त्याबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या इथे टिकत नाहीत. मऊ मातीतून उपटतात, मुरमात वाकतात. लोहाराकडून ८ मिलिमीटर सळईच्या, ३० सेंटिमीटर लांब, वर वाकवलेल्या बारा खुंट्या करून घ्या आणि हातोडी न्या. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं. जलाशयावरून वारा अडथळ्याविना लांबून येतो, म्हणून तंबूचं दार वाऱ्याकडे पाठ करून ठेवा.

थंडी खालून येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन रजया पांघरून माणूस कुडकुडतो, कारण अंगाखाली एकच सतरंजी असते. खाली १० मिलिमीटरची फोमची चटई, वर सतरंजी, मग अंथरूण. तंबूच्या जाळ्या बंद करू नका. श्वासाची वाफ आतून साचते आणि पहाटे अंथरुणावर टपटप गळते. आणि कितीही गारठा असो, निखाऱ्यांची शेगडी तंबूत न्यायची नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला पाच लिटर: तीन पिण्याचे, दोन स्वयंपाक आणि भांड्यांचे. पाच जण, दीड दिवस, म्हणजे साडेसदतीस लिटर. वीस-वीस लिटरचे दोन जार न्या, त्यात जेमतेम भागतं. जलाशयाचं पाणी वापरायची वेळ आलीच, तर चौपदरी फडक्यातून गाळा, तुरटी फिरवून निवळू द्या, मग खळखळून उकळा. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी नीट काम करत नाही.

स्वयंपाक जितका घरी उरकाल तितकं पाणी वाचतं. बाफले (कणकेचे गोळे) घरून उकडून न्या, तिथे फक्त शेकायचे. सकाळच्या पोह्यांना माणशी ८० ग्रॅम, म्हणजे पाच जणांना ४०० ग्रॅम. शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वेगळ्या डब्यांत, नाहीतर शेव दवाने मऊ पडते. जाळ जमिनीवर न करता विटांवर ठेवलेल्या लोखंडी घमेल्यात करा. सागाच्या वाळक्या पानांना ठिणगी पुरते, आणि फेब्रुवारीपासून तर जंगलाला लागून जाळ करूच नका.

आता संडास. इतरत्र नियम सांगतात: पाण्यापासून ६० मीटर, खड्डा १५-२० सेंटिमीटर. इथे तेवढं पुरत नाही. आजच्या पाण्यापासून ६० मीटर असलेली जागा ऑगस्टमध्ये पाण्याखाली जाते, आणि तेच पाणी खाली कोणाच्या तरी नळाला येतं. खड्डा फिकट पट्ट्याच्या वर, झाडांच्या रांगेत खणा. खुरपं घरून न्या.

(दृश्य: पाण्यात उभी वठलेली झाडं.)

या पाण्याखाली माणसांची वस्ती होती. हरसूद गाव २००४मध्ये बुडालं. शेतं, रस्ते, नाले तसेच खाली आहेत. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल जुन्या नाल्यात पडू शकतं. म्हणून पोहणाऱ्यालाही इथे पोहू देऊ नका. होडीत बसताना प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि मुलांचं त्यांच्याच मापाचं. मोठ्यांच्या जॅकेटातून मूल खाली निसटतं. नर्मदेत मगरी आहेत. तिन्हीसांजेला काठावर भांडी घासायला बसू नका आणि मासळीचं उरलंसुरलं पाण्यात टाकू नका.

धरणाच्या खालच्या बाजूला, नदीच्या पात्रात किंवा वाळूवर, तंबू कधीच नको. एप्रिल २००५मध्ये भुतडी अमावस्येला धरणाच्या खाली, नर्मदेकाठच्या धाराजीच्या घाटावर यात्रेकरू जमले होते. इंदिरासागरमधून सोडलेलं पाणी अचानक चढलं आणि माणसं वाहून गेली. आभाळ कोरडं होतं. खालच्या पात्राला पाऊस लागत नाही, वरून वीजनिर्मितीसाठी सोडलेलं पाणी पुरतं. भोंगा ऐकू आला तर सामान गोळा करत बसायचं नाही, चढावर पळायचं.

(दृश्य: सकाळ. तंबूवर दव. राखेवर पाणी ओतलं जातंय.)

निघताना राखेवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हात लावून गार लागली की मगच घमेलं उचला. कचऱ्याची पिशवी इंदूरपर्यंत आणा, वाटेतल्या गावाच्या उकिरड्यावर टाकू नका. दवाने भिजलेला तंबू तसाच गुंडाळावा लागला, तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी गच्चीवर उलटा करून पसरा. शिवणी कोरड्या झाल्याशिवाय घडी घालू नका. तिथेच बुरशी धरते, आणि पुढच्या वेळी पाणी तिथूनच गळतं.