पदराची उलटी बाजू

(दृश्य: येवल्याची बाजारपेठ, सकाळ. शटर वर जाताहेत.)

शिर्डीहून मनमाडकडे निघालं की तासाभराच्या आत येवला येतं. नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पैठणीच्या दुकानांच्या पाट्या, आणि जवळपास प्रत्येक पाटीवर मोर. माल एकाच गावच्या मागांवरचा, रंगही थोड्याफार फरकाने तेच. मग गिऱ्हाईक याच पायरीवर चपला का काढतं, शेजारच्या का नाही?

एसी आणि चकचकीत काच, हे उत्तर अपुरं आहे. काचेचं दार ढकलायला बिचकणारेही कमी नसतात. हातमागाची पैठणी हजारांत सुरू होते आणि लाखांपर्यंत जाते. 'आत गेलो आणि काहीच घेतलं नाही, तर?' ही धाकधूक दाराबाहेरच सुरू होते.

(दृश्य: पांढरी गादी. विक्रेता घडी उलगडतो.)

ती घालवायचं काम पहिल्या प्रश्नाचं. 'बजेट किती?' म्हटलं की बाई नवऱ्याकडे बघते, नवरा पंख्याकडे. मुरलेला विक्रेता विचारतो, 'ताई, कुणासाठी बघायची? नवरीला, की आहेराला?' तेवढ्यात त्याला अंदाज येतो. पहिली साडी तो मधल्या किमतीची काढतो. बाईचा हात काठावर रेंगाळतो की किमतीच्या चिठ्ठीवर, त्यावर पुढची घडी ठरते. समोर ढीग साचला की गिऱ्हाईक ओशाळतं. अशा वेळी बाजूला कुणीतरी कुरकुर न करता घड्या घालत बसलेलं असलं, तर न घेता उठायलाही संकोच वाटत नाही. असं उठलेलं गिऱ्हाईक परत येऊ शकतं. ओशाळून काहीतरी घेऊन गेलेलं बहुधा येत नाही.

चहा-पाणी, गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी खुर्ची, सोबतच्या पुरुषांसाठी बाक, हे तर हवंच. पण आमच्या मते चांगल्या दुकानदाराचा हुकमी पत्ता वेगळा आहे. तो पदर उलटा करून दाखवतो.

(दृश्य: दोन पदर शेजारी शेजारी, पालथे.)

हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर, मुनिया पक्षी वेगवेगळ्या रंगांचे धागे हाताने एकमेकांत अडकवून विणलेले असतात. म्हणून नक्षी मागूनही जवळजवळ तितकीच नेटकी दिसते. यंत्रमागाच्या, 'सेमी' म्हणतात त्या पैठणीत, मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. सेमी विकण्यात गैर काही नाही. ती हातमागाची म्हणून खपवणं ही लबाडी. दोन्ही शेजारी ठेवून फरक समजावणारा दुकानदार गिऱ्हाइकाला पारख शिकवतो, आणि ती पारख उद्या त्याच्या स्वतःच्या मालावरही चालणार असते. हे ठाऊक असूनही तो शिकवतो.

२०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. शुद्ध रेशमासाठी 'सिल्क मार्क'चं लेबलही असतं. ते बघून घ्यावंच. तरी बोटांनी चाचपल्याशिवाय बाईचं समाधान होत नाही.

(दृश्य: दुकानातला माग.)

काही दुकानांत एक मागही मांडलेला असतो. रिकामा असला तर तो नुसती शोभा. पण विणकर बसलेला असेल, आणि एवढ्याशा मोरासाठी किती वेळा हात फिरतो ते समोर दिसत असेल, तर घासाघिशीचा आवाज जरा खाली येतो.

आता व्हिडिओ कॉलवरही पैठणी विकली जाते. पलीकडची बाई पुण्याची असेल, नाहीतर न्यू जर्सीची. तिला गादीवर बसवता येत नाही, चहा पाजता येत नाही. काठ बघून झाले की ती म्हणते, 'दादा, आता उलटी करा.' दुकानदार एका हाताने मोबाइल सावरत दुसऱ्या हाताने पदर पालथा करतो. ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा; बाणा, म्हणजे आडवे, दुसऱ्या. ट्यूबलाइटखाली ही धूपछाव कॅमेऱ्यात धड उतरत नाही. तो पोऱ्याला हाक मारतो, 'अरे, दुसरं टोक धर आणि दारात चल. इथे रंग फसवतोय!'