एक लाख कोटींची बेगमी

[पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली एक अंडपेशी. अर्धी काळपट, अर्धी फिकट.]

ही झेनोपस लेव्हिस या आफ्रिकी बेडकाच्या मादीची पूर्ण वाढलेली अंडपेशी. व्यास साधारण सव्वा मिलिमीटर. काळपट बाजूला सुईनं टोचून चिमट्यानं हलकेच दाबलं, की आतून एक पारदर्शक गोळा बाहेर येतो. हे तिचं केंद्रक, नुसत्या डोळ्यांनाही दिसावं एवढं मोठं. आता आत पाहा. एरवी पेशीत एखाद-दुसरी केंद्रिका असते. इथे हजार-दीड हजार तरंगताहेत!

रायबोसोम म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं. केंद्रिका म्हणजे या यंत्रांचा आरएनए, जनुकावरून उतरवलेला रेणू, तयार होण्याची जागा. अंडपेशी लहान असतानाच या आरएनएच्या जनुकांच्या जादा प्रती काढून ठेवते आणि त्या गुणसूत्रांपासून सुट्या राहतात. डोनाल्ड ब्राउन आणि इगोर डेव्हिड यांनी, आणि स्वतंत्रपणे जोसेफ गॉल यांनी, १९६८ मध्ये हे दाखवून दिलं. या प्रतींच्या जोरावर एकेका अंडपेशीत सुमारे एक लाख कोटी रायबोसोम साठतात. फलनानंतर भराभर फुटणाऱ्या पेशींसाठी ही आईनं आधीच केलेली बेगमी.

पण रायबोसोम नुसत्या आरएनएचा नसतो. त्याला ऐंशीच्या आसपास प्रथिनं लागतात आणि त्यांच्या जनुकांच्या जादा प्रती कुणीच काढत नाही. मग पुरतं कसं? जनुकातली कृती रायबोसोमपर्यंत नेणाऱ्या एकाच संदेशवाहक आरएनएवरून तेच प्रथिन पुन्हा पुन्हा बनवता येतं. रायबोसोमच्या आरएनएला ही सोय नाही, कारण तो स्वतःच शेवटचा माल आहे. जितके रायबोसोम हवेत, तितके रेणू जनुकावरून उतरवावेच लागतात.

[पडद्यावर: जनुकाचं रेखाचित्र; दुसरा आणि तिसरा इंट्रॉन रंगवलेले.]

खरी गंमत आरएनए आणि प्रथिनं यांचा मेळ बसवण्यात आहे. १९८० च्या दशकात इरेने बोझ्झोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एल-१ या रायबोसोमी प्रथिनाचं जनुक अंडपेशीत जादा प्रमाणात टोचलं. जनुक वाढलं, कच्चा आरएनए वाढला, प्रथिन मात्र त्या प्रमाणात वाढलं नाही. कच्च्या आरएनएतले इंट्रॉन, म्हणजे मधले नको असलेले तुकडे, कापून टाकल्यावरच तो वापरता येतो. इथे दुसरा आणि तिसरा हे दोन इंट्रॉन कापलेच जात नव्हते आणि माल केंद्रकातच अडकून पडत होता. पुढे कळलं की तिसऱ्या इंट्रॉनच्या पोटात यू-१६ नावाचा एक छोटा आरएनए दडलेला आहे, जो केंद्रिकेत जाऊन काम करतो. ज्याला टाकाऊ तुकडा समजावं, तोच कामाचा निघाला.

अंडपेशी पक्व होऊ लागली की चित्र पालटतं. रायबोसोमी प्रथिनांच्या संदेशवाहकांची शेपटी, म्हणजे टोकाला असलेली ‘ए’ या एकाच रासायनिक अक्षराची लांब माळ, छाटली जाते. ते रायबोसोमवरून सुटतात आणि त्या प्रथिनांचं उत्पादन थंडावतं.

फलनानंतर पहिली बारा विभाजनं झपाट्यानं होतात, तीही साठ्यावरच. गर्भ या प्रथिनांचे नवे संदेशवाहक तयार करायला लागतो, पण लगेच वापरत नाही. बराच काळ ते नुसते पडून असतात. शेपटीचा अंकुर फुटण्याच्या सुमारास त्यांच्यावरून जोमानं प्रथिनं बनू लागतात. म्हणजे आधी लगाम होता इंट्रॉन कापण्यावर, आता आहे संदेश वाचण्यावर.

[पडद्यावर: पोहणारी पिल्लं.]

काही झेनोपसमध्ये रायबोसोमी आरएनएची जनुकंच गळालेली असतात. अशी पिल्लं नवा रायबोसोमी आरएनए अजिबात बनवू शकत नाहीत, हे ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलं. तरीही आईच्या साठ्यावर ती अंड्यातून बाहेर येतात, पोहतातही. खायला लागण्याआधी मरतात. पाओला पियेरांद्रेई-अमाल्दी यांच्या रोममधल्या गटानं त्यांच्यातली प्रथिनं तपासली. ती बनत होती. पण ज्यावर बसायचं तो आरएनएच नव्हता, म्हणून बनल्या बनल्या पेशी त्यांचे तुकडे करून टाकत होती.