पान कितवं?

नमस्कार, श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नात्यातल्या एका लग्नात, पंगत बसायला वेळ होता म्हणून आम्ही गप्पा मारत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही पुष्कळ वाचता म्हणे. सध्या काय चाललंय?" मी एका जाडजूड कादंबरीचं नाव ठोकून दिलं. नाव असं की समोरच्यानं पुढं काही विचारूच नये. पण हे गृहस्थ खुशीत आले. "वा! मीही तीच वाचतोय. कुठवर आलात?"

ती कादंबरी सहा महिने माझ्या उशाशी होती, हे अगदी खरं. पण बत्तिसाव्या पानापुढं मी सरकले नव्हते. मी म्हटलं, "आले मध्यावर." ते म्हणाले, "म्हणजे धाकटा भाऊ गेला?" मी चेहरा पाडला आणि मान हलवली. तर ते असे हसले की मांडवातल्या चार बायका वळून बघायला लागल्या. "अहो, त्या कादंबरीत धाकटा भाऊ नाहीच!"

जिलबी घशाखाली उतरली नाही त्या दिवशी. पण आमच्या रविवारच्या कंपूत आज जो नियम आहे, तो या फजितीतून आला. पुस्तकाचं नाव सांगायचं नाही. आधी पान सांगायचं.

कंपू म्हणजे फार काही नाही. आम्ही सहा-सातजण. रविवारी सकाळी मिसळ खायला जमतो. मी बँकेतून निवृत्त, दोघी शिक्षिका, नाशिक रोडला प्रेसमध्ये आयुष्य काढलेले एक अण्णा, आणि निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागाईतदार, ज्यांना आम्ही बापू म्हणतो. मिसळ आली, पापड मोडला, की अण्णा विचारतात, "हं, कितवं पान?" एकदा आकडा सांगितला की माणूस थापा मारू शकत नाही. मारल्या तर पुढच्या रविवारी उघडा पडतो.

या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास बापूंना झाला. त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतली होती. पुस्तक केवढंसं! एका बैठकीत होईल. बापू सप्टेंबरात पान अठ्ठेचाळीसवर होते. ऑक्टोबरात अठ्ठेचाळीस. दिवाळी झाली, अठ्ठेचाळीस. आमच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "बापू, पुस्तक आवडत नाही का?" बापूंनी पावाचा तुकडा रश्शात बुडवला आणि म्हणाले, "ताई, ऑक्टोबर छाटणी झालीय. बाग पोंग्यात आहे, नुकती फुटतेय. रात्री ढग आले की डावणी रोगाच्या भीतीनं झोप नाही, पहाटे चारला फवारणी. पुस्तक उशाला असतं. उघडतो, एक ओळ होते, डोळा लागतो. तीच ओळ परत दुसऱ्या दिवशी."

मग नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला. फुलोऱ्यातली बाग, दोन दिवस झड. पुढच्या रविवारी बापू येतील असं वाटलं नव्हतं. आले. म्हणाले, "पान शेवटचं." आम्ही गप्प. बापू म्हणाले, "पाऊस पडत होता तेव्हा करण्यासारखं काही नव्हतंच. पंप बाजूला ठेवला आणि पडवीत बसून वाचून काढली. तिकडं पाऊस नाही म्हणून अख्खं गाव मेंढरं घेऊन निघून जातंय, आणि इकडं माझ्या पत्र्यावर धो धो. मला कळेना, कुणाचं नशीब वाईट म्हणायचं." आणि जिलबी मागवली. आमच्यापैकी कुणीही त्या पुस्तकावर यापेक्षा बरं काही बोललेलं मला आठवत नाही. आणि हो, ती 'बनगरवाडी' १९५५ सालची. तेव्हा बापूंचा जन्मही झाला नव्हता.

अण्णांची तऱ्हा वेगळी. प्रेसमध्ये राहून कागद मोजायची सवय, त्यामुळे पान चुकत नाही. ते बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचतायत. १९६३ सालचा कथासंग्रह. बागुल आपल्या नाशिकजवळच्या विहितगावचे, अण्णांच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. आठवड्याला एक कथा, असा अण्णांचा बेत. शीर्षककथेच्या रविवारी मी विचारलं, "कितवं पान?" म्हणाले, "मागच्याच रविवारचं." मला वाटलं, वाचायला झालं नसेल. तर म्हणाले, "कथा संपवली, आणि पहिल्या ओळीवर परत आलो. नोकरीसाठी परगावी गेलेला पोरगा, खोली मिळावी म्हणून जात लपवतो. मीसुद्धा खोली शोधत हिंडलोय." एवढंच. त्यांची मिसळ निवून गेली होती. कुणी आग्रह केला नाही.

माझ्या सुनेला मात्र हा नियम मान्य नाही. ती अंबडला कंपनीत जाते, जाता-येता कानात पुस्तक ऐकते. "आई, मला पानच नाही. सात तास बारा मिनिटं चालेल का?" यावर आमच्याकडं दोन रविवार वाद झाला. ऐकणं म्हणजे वाचणं का? मी आता यावर जास्त बोलत नाही. तुम्हीही मला ऐकताच आहात, आणि माझं पोट तुमच्यावर.

पान विचारायला लागल्यापासून मला एक खोड लागली. वाचनालयातून पुस्तक घेताना मी मुखपृष्ठ बघत नाही, पुस्तक मिटून त्याची उघडणारी बाजू बघते. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तिथं अशी पुस्तकं आहेत की जी शेकडो हातांतून गेलीत. पुस्तक आडवं धरून बघा. पानांच्या कडा सुरुवातीला मळकट तपकिरी असतात, बोटांच्या घामाच्या, हळदीच्या. मग एका जागी रंग एकदम बदलतो आणि पुढं कडा जवळजवळ पांढऱ्या. म्हणजे तिथवर सगळे आले आणि तिथून परत गेले. एका पुस्तकात तर पासष्ट ते सत्तर या पाच-सहा पानांत चार कोपरे दुमडलेले होते, चार वेगवेगळ्या लोकांनी. सत्तरच्या पुढं एकही घडी नाही. मी ते हट्टानं घरी नेलं. पान सदुसष्टवर एका लढाईचं वर्णन सुरू होतं, ते अकरा पानं चालतं, आणि त्यात कोण कुणाच्या बाजूला हे लेखकालाही शेवटी सांगता येईना असं दिसतं. माझा पाचवा कोपरा मी दुमडला नाही. पण मन झालं होतं.

आणि उलटही असतं. कडा अथपासून इतिपर्यंत सारख्या मळलेल्या, शिवण उसवलेली, पाठीमागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्क्याला जागा नाही. असं पुस्तक मी न विचारता घेते.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातली पेटीही आमच्या सोसायटीत येऊन गेली. शंभर पुस्तकांची पेटी, एका घरी ठेवायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आळीपाळीनं वाचायची. तिथंही मी पुस्तकं झटकून बघितली. सिटी बसचं तिकीट, औषधाच्या दुकानाची पावती, वाळलेलं पिंपळपान, एक लग्नाची पत्रिका. ज्या पुस्तकात औषधाची पावती निघाली, त्यात खोकल्याचं औषध होतं आणि खूण होती पान एकशे ऐंशीवर. कुणीतरी तापात, खोकत, एकशे ऐंशी पानं वाचली होती. त्या माणसाला मी ओळखत नाही. पण भेटला तर मिसळीला बोलावीन.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाला, माझ्या मोबाईलवर पुस्तकांच्या फोटोंचा पूर येतो. चष्मा, कॉफीचा कप, पुस्तक. सगळी पुस्तकं अशी कोरी करकरीत की वास यावा! हे मी बोलू नये, माझ्या उशाशी एक अजून बत्तिसाव्या पानावर पडलंय.

आता माझं. मी सध्या लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे', वाचतेय. तिसऱ्यांदा. लक्ष्मीबाई १८६८ साली आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. पुस्तक १९३४ पासून भागाभागानं आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते, नुकतं लग्न झालेलं, आणि माझा सगळा राग लक्ष्मीबाईंच्या नवऱ्यावर, रेव्हरंड टिळकांवर. बायकोला न सांगता निघून जाणारा, कुठंही पैसे उधळून येणारा नवरा! या खेपेला मात्र मी नवऱ्यापर्यंत पोचतच नाहीये. सुरुवातीलाच अडकलेय. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना सत्तावनच्या बंडानंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. घरभर धुणं आणि धुणं. लक्ष्मीबाई हे इतकं गमतीनं सांगतात की हसू फुटतं. मग तीन ओळींनी लक्षात येतं, की त्या घरात एक लहान मुलगी ओल्या कपड्यांत कुडकुडत उभी आहे आणि ती मुलगीच आपल्याला हसवतेय.

मागच्या महिन्यात मी रिक्षा करून जलालपूरला गेले. काय बघायला गेले, मलाच ठाऊक नाही. रिक्षावाल्या दादांनी विचारलं, "कुणाकडं जायचंय?" मी म्हटलं, "गोखल्यांकडं." लक्ष्मीबाईंचं माहेरचं आडनाव ते. दादांनी दोन ठिकाणी चौकशीसुद्धा केली. शेवटी मला खरं सांगावं लागलं, की ही मंडळी दीडशे वर्षांपूर्वी इथं राहात होती. दादा काही बोलले नाहीत. परत येताना आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, "पुस्तकातलं आहे का?" मी हो म्हटलं. "कितीचं आहे?" मी किंमत सांगितली. त्यांनी ती मनात भाड्याशी ताडून बघितली असावी. भाडं जास्त झालं होतं.

तर श्रोतेहो, मी आज पान एकोणीसवर आहे. तिसऱ्यांदा वाचत असूनही एकोणीस, आणि हे मी रविवारी अण्णांना सांगणार आहे. खूण म्हणून विजेचं बिल घातलंय, त्याची मुदत उद्या संपते. तेव्हा आज रात्री निदान विसाव्यावर जायला हवं, नाहीतर बिल काढल्यावर कुठं होते तेच सापडायचं नाही.

नमस्कार.